युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा: आई-बाबा आणि लहान मुलाला घेऊन जाताना काय तयारी करावी?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. दिवाळीनंतर तुम्ही पाच जण युरोपला निघताय: तुम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा, सत्तरीतली आई आणि पंचाहत्तरी ओलांडलेले, व्हीलचेअर लागणारे बाबा. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे झुरिक, तिथून रेल्वेने पॅरिस, मग युरोस्टार रेल्वेने लंडनला भावाकडे चार दिवस, आणि पुन्हा पॅरिसला येऊन मुंबईचं विमान. युरोपात शिक्का मारणं बंद होऊन मशीनवर ठसे आणि फोटो घेतात असं तुमच्या कानावर आलंय. आईंचे ठसे आधारच्या मशीनवरही उमटत नाहीत. तिला सीमेवरून परत पाठवतील का, आणि आधी कुठे नोंदणी करावी लागते का, हे तुम्हाला हवंय.

व्हिसाची कागदपत्रं आणि कुटुंबांच्या सहली हे माझं रोजचं काम आहे, आणि गेल्या वर्षापासून हाच प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. सगळ्यांना धास्ती मशीनची आहे. माझ्या मते काळजी दिवसांच्या हिशेबाची, व्हिसावर लिहिलेल्या मजकुराची आणि दोन प्रवासांमध्ये ठेवलेल्या वेळेची करायला हवी. मशीनचं काम दोन-चार मिनिटांचं असतं. पण त्यातून होणारी नोंद वर्षानुवर्षं राहते आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या वेळी समोर येते.

या व्यवस्थेचं नाव एन्ट्री-एक्झिट सिस्टिम, ईईएस. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि सर्व सीमांवर लागू होण्यासाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरली होती. एकूण २९ देश यात आहेत: आयर्लंड आणि सायप्रस सोडून युरोपीय संघाचे बाकी सगळे, शिवाय स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन. या देशांबाहेरचा नागरिक थोड्या दिवसांसाठी आला की त्याचं नाव, पासपोर्टचा तपशील, चेहऱ्याचा फोटो, बोटांचे ठसे, आणि कुठून कधी आत आला, कुठून कधी बाहेर गेला, हे सगळं संगणकात जातं. पूर्वी हे काम शाईचा शिक्का करायचा. तो पुसट असायचा, चुकीच्या पानावर पडायचा, आणि दिवस मोजायला अधिकाऱ्याला पानं उलटत बसावं लागायचं. आता बेरीज-वजाबाकी संगणक करतो आणि मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्यांची यादीही आपोआप तयार होते.

आता आईंच्या ठशांकडे येते, कारण तुमचा जीव त्यात अडकलाय.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे या २९ देशांसाठीचा सामायिक व्हिसा, लागतोच, आणि त्यासाठी दहाही बोटांचे ठसे मुंबईत किंवा पुण्यात व्हिसा केंद्रावर घेतले जातात. भारतात हे २ नोव्हेंबर २०१५ पासून चालू आहे. ते ठसे युरोपच्या व्हिसा इन्फर्मेशन सिस्टिममध्ये साठवलेले असतात. त्यामुळे ईईएसमध्ये आपले ठसे पुन्हा साठवत नाहीत. सीमेवर बोटं टेकवायला सांगतात ती व्हिसाच्या वेळचीच ही व्यक्ती आहे ना, हे ताडून पाहायला. नव्याने घेतला जातो तो चेहऱ्याचा फोटो. ज्यांना व्हिसा लागत नाही, उदाहरणार्थ ब्रिटिश किंवा अमेरिकन पासपोर्टवाले, त्यांचे उजव्या हाताच्या चार बोटांचे ठसे थेट सीमेवर घेऊन ईईएसमध्ये ठेवतात. समाजमाध्यमांवर फिरणारे बहुतेक व्हिडिओ या दुसऱ्या गटाचे असतात. ते पाहून आपल्याकडचे लोक उगाच घाबरतात.

याचा सरळ अर्थ असा की आईंच्या ठशांची खरी कसोटी व्हिसा केंद्रावर आहे. तिथे ठसे चांगले उमटले तर सीमेवर जुळायला सोपं जातं. तिथे घाईत अर्धवट घेतले तर सीमेवर ताडताना अडचण येऊ शकते. म्हणून तयारी व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या आधी करायची, विमानाच्या आदल्या रात्री नव्हे.

वय वाढलं की कातडी पातळ आणि कोरडी होते, रेषांचे उंचवटे झिजतात. वर्षानुवर्षं भांड्यांचा साबण, कपड्यांचा सोडा, राख, शेतातलं काम यांनी त्या आणखी सपाट होतात. सिमेंट-चुन्यात काम केलेल्यांचं तर विचारूच नका. कर्करोगावरच्या काही औषधांनीही ठसे पुसट होतात. तसे उपचार चालू असतील तर डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र जवळ ठेवा. आईंसाठी सांगते: अपॉइंटमेंटच्या आधी दोन-तीन आठवडे रोज रात्री बोटांच्या टोकांना खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलीन चोळायचं, भांडी घासणं त्या काळात दुसऱ्या कुणाकडे द्यायचं, किंवा हातमोजे घालायचे. त्या दिवशी मात्र हात धुऊन कोरडे करायचे, तेलकट बोट मशीनवर घसरतं आणि ठसा माखतो. फार कोरडी वाटली तर बोटं एकमेकांवर चोळून थोडी ऊब आणायची. आणि ठसा देताना जोर लावायचा नाही. बहुतेक ज्येष्ठांना वाटतं की दाबलं म्हणजे नीट उमटेल, पण जोरात दाबलं की रेषा एकमेकींत मिसळतात. बोट सपाट टेकवायचं, थांबायचं, मशीनने सांगितल्यावरच उचलायचं. हे घरी टेबलावर दोनदा करून दाखवा, आईंची भीती निम्मी तिथेच जाईल.

आई-बाबा याआधी युरोपला गेले असतील तर आणखी एक बाब आहे. व्हिसासाठी दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात, त्यामुळे या वेळी केंद्रावर नव्याने घेणार नाहीत असं होऊ शकतं. आईंचे मागचे ठसे नीट आले नव्हते अशी शंका असेल तर स्वतःहून विचारा आणि नवे देण्याची तयारी दाखवा. तिथे गेलेले दहा जादा मिनिटं झुरिकच्या वाटेवर उपयोगी पडतात.

मेंदीबद्दलही आत्ताच सांगते, दिवाळी आणि लग्नसराई लागूनच येतात. ब्रिटनच्या व्हिसासाठी ठसे देताना बोटांच्या टोकांवर मेंदी, कापल्याची जखम किंवा खुणा नकोत, असं स्पष्ट सांगितलेलं असतं. युरोपसाठीही तोच नियम स्वतःला लावून घ्या. तळहातावर हवी तेवढी काढा, फक्त बोटांची पेरं कोरी ठेवा. लग्नानंतर आठवड्याभरात स्वित्झर्लंडला निघणाऱ्या नवऱ्या मुलींना मी हे लग्नाच्या याद्या चालू असतानाच सांगते, कारण मेंदीवाली आल्यावर कुणी ऐकत नाही.

आणि एवढं करूनही ठसे जुळले नाहीत तर? ज्याला शारीरिक कारणाने ठसे देणं शक्यच नाही, त्याच्यासाठी नियमांत सूट आहे. तात्पुरती अडचण असेल तर तशी नोंद करून पुढे जाता येतं. अधिकारी कारण विचारू शकतो, चेहरा आणि कागद जास्त बारकाईने पाहू शकतो. पण बोटं झिजली म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. प्रवेश नाकारला जातो तो ठसे किंवा फोटो द्यायला नकार दिला तर. आईंनी शांतपणे हात पुढे करावा, दोनदा-तीनदा करायला सांगितलं तर करावा, एवढंच त्यांच्या हातात आहे.

मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याचे ठसे घेणार नाहीत. बारा वर्षांखालच्यांना त्यातून वगळलंय. फोटो मात्र त्याचाही निघेल, तान्ह्या बाळाचाही निघतो. रात्रभराच्या प्रवासाने पेंगुळलेल्या मुलाला डोळे उघडे ठेवून कॅमेऱ्याकडे बघायला लावणं हे खरं कष्टाचं काम आहे. रांगेत उभं राहण्याआधी त्याला काही खायला द्या, तोंड धुवायला लावा, टोपी काढून ठेवा. तुम्ही सगळ्यांनीही चष्मा, टोपी, मफलर काढण्याची तयारी ठेवा. टिकली किंवा नथ यांची काळजी करू नका.

तुम्ही लिहिलंय की तुमचा आणि यजमानांचा पासपोर्ट नुकताच नवा झालाय, त्यावर सोनेरी चिन्ह आहे, आणि आई-बाबांचे जुने आहेत. ते चिन्ह चिपचं. भारतात ई-पासपोर्टची सुरुवात १ एप्रिल २०२४ ला प्रायोगिक स्वरूपात झाली, पहिल्या शहरांत आपलं नागपूर आणि गोवाही होते, आणि हे पासपोर्ट तयार होतात नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. युरोपच्या विमानतळांवर आधी स्वतः माहिती भरायची जी उभी यंत्रं दिसतात, त्यांच्यासाठी पासपोर्टात चिप आणि चिपमध्ये चेहऱ्याचा फोटो लागतो. चिप नसलेल्या पासपोर्टवाल्याने तिथे उभं राहून उपयोग नाही, त्याने थेट अधिकाऱ्याच्या खिडकीवर जायचं. हे माहीत नसल्यामुळे लोक अर्धा तास चुकीच्या रांगेत घालवतात. तुमच्या पाचांत दोघांकडे नक्की चिप आहे आणि दोघांकडे नाही, म्हणून माझा सल्ला असा की वेगळे होऊ नका. सगळ्यांनी मिळून अधिकाऱ्याच्या खिडकीवर जा. रांग लावणाऱ्या कर्मचाऱ्याला आधीच सांगा की आम्ही एक कुटुंब आहोत आणि काही पासपोर्टांत चिप नाही. केवळ चिप हवी म्हणून आई-बाबांचे चांगले चालू पासपोर्ट बदलायला जाऊ नका. जुना पासपोर्ट त्याच्या मुदतीपर्यंत वैध आहे. फक्त एवढं पाहा की तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि युरोपातून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक असावेत.

बाबांची व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. व्हीलचेअर ढकलणारा कर्मचारी बहुधा वेगळ्या वाटेने, वेगळ्या खिडकीवर नेतो आणि सोबत एकच जण येऊ देतो. मग बाबा एकीकडे आणि कागदांची फाइल जावयाच्या पाठीवरच्या पिशवीत दुसरीकडे, असं फार वेळा होतं. प्रत्येक ज्येष्ठाच्या गळ्यात छोटी पिशवी हवी आणि तिच्यात स्वतःचा पासपोर्ट, परतीच्या तिकिटाची प्रत, हॉटेलांचे पत्ते, विम्याचा कागद, तुमचा फोन नंबर. एका कागदावर इंग्रजीत चार ओळी लिहून द्या: कुणाबरोबर आलो, किती दिवस, कुठे राहणार, कधी परत. बाबांना इंग्रजी बोलायला अवघड वाटत असेल तर तो कागद पुढे करायचा. अधिकाऱ्याचे प्रश्न जुनेच आहेत. परतीचं तिकीट, राहण्याची सोय, पैसे, ३० हजार युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा. मशीन आलं म्हणून यातलं काही सुटलेलं नाही.

ही तपासणी कुठे होईल याचा बहुतेकांना अंदाज चुकतो. तुमचं तिकीट झुरिकचं असलं तरी तपासणी फ्रँकफर्टला होईल, कारण शेंगेनच्या हद्दीत तुम्ही तिथे शिरता. फ्रँकफर्टहून झुरिक हा आतला प्रवास, आणि झुरिकहून पॅरिसची रेल्वेही आतलीच, तिथे ईईएस नाही. म्हणून फ्रँकफर्टला दोन विमानांमध्ये किती वेळ आहे ते आजच तिकिटावर पाहा. नव्याने नोंद होणारे पाच जण, त्यात व्हीलचेअर आणि एक लहान मूल, हे धरून मी तीन तासांपेक्षा कमी वेळ देणार नाही. दीड तासाचं तिकीट स्वस्त मिळतं, पण रांग लांबली तर सहलीचा पहिला दिवस विमानतळावर जातो. आणि दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, असू द्या. तशी असली तर विमान चुकल्यावर पुढची सोय करणं कंपनीवर येतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर झळ तुमच्या खिशाला.

दुबई किंवा दोहामार्गे पॅरिसला जाणाऱ्यांची तपासणी पॅरिसलाच होते. मुंबई-फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क असा प्रवास करणारा आंतरराष्ट्रीय भागातून बाहेर पडत नाही, त्यामुळे त्याची ईईएसमध्ये नोंद होत नाही.

आता तुमच्या बेतातली जी गोष्ट मला ठशांपेक्षा जास्त खटकली ती सांगते. पॅरिसहून लंडनला गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात. चार दिवसांनी युरोस्टारने पॅरिसला परत येणं म्हणजे दुसऱ्यांदा प्रवेश. तुमच्या व्हिसावर एकच प्रवेश मंजूर असेल तर लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरच तुम्ही अडकाल, कारण फ्रेंच अधिकाऱ्यांची तपासणी तिथे, गाडीत बसण्याआधी होते. हे पूर्वीही होतं. पण तेव्हा शिक्के शोधायला लागायचे, आता पहिला प्रवेश आणि बाहेर पडणं दोन्ही पडद्यावर तयार असतात. अर्जात दोन किंवा अनेक प्रवेश मागा, आणि का ते प्रवासाच्या कार्यक्रमात दिवसवार दाखवा. किंवा माझं ऐकाल तर सरळ लंडनहूनच मुंबईचं विमान घ्या. बाबांचा त्रास वाचेल, पॅरिसचं एक तिकीट वाचेल आणि दुसऱ्या प्रवेशाचा प्रश्नच राहणार नाही. ब्रिटनचा व्हिसा अर्थातच वेगळा, त्याचे ठसे वेगळे, त्या नोंदीचा शेंगेनशी संबंध नाही.

पासपोर्ट हातात आल्यावर व्हिसाचा स्टिकर तिथेच, केंद्राच्या दारात उभं राहून वाचा. नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख एकेक अक्षर जुळवून बघा. आपल्याकडे नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, आईंच्या एखाद्या जुन्या कागदावर माहेरचं आडनाव असतं, त्यामुळे तिकीट, व्हिसा आणि पासपोर्ट यांत फरक पडण्याची शक्यता जास्त. पासपोर्टाच्या खालच्या दोन ओळी यंत्र वाचतं. त्यात जे आहे तेच सगळीकडे हवं.

स्टिकरवर दोन वेगळे आकडे असतात आणि त्यांचा घोळ फार होतो. एक असतो व्हिसा कधीपासून कधीपर्यंत चालेल तो काळ, आणि दुसरा मुक्कामाचे दिवस. समजा काळ ३५ दिवसांचा आणि मुक्काम २० दिवसांचा. म्हणजे त्या ३५ दिवसांत कुठलेही २० दिवस राहता येईल, एकविसावा नाही. वरचे पंधरा दिवस प्रवासाची तारीख मागेपुढे झाली तर सोय म्हणून दिलेले असतात. ते राहण्यासाठी नाहीत. आत शिरण्याचा दिवस आणि बाहेर पडण्याचा दिवस, दोन्ही पूर्ण धरले जातात.

तुमच्या सहलीत हा प्रश्न फार येणार नाही, पण जर्मनी-नेदरलँड्समध्ये मुलांकडे राहायला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी मी हे पुन्हा पुन्हा सांगते. नियम आहे कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा. आपल्या घरात त्याला तीन महिने म्हणतात, आणि चूक तिथेच होते. १ मार्चला उतरलात तर मार्चचे ३१, एप्रिलचे ३० आणि मेचे २९ मिळून ९० होतात. २९ मे हा शेवटचा दिवस. ३१ मेचं तिकीट काढलेलं असेल तर दोन दिवस जास्त झाले, आणि नातवाचा वाढदिवस होता हे कारण संगणकाला कळत नाही. शिवाय परतीचं विमान मध्यरात्रीनंतरचं असेल तर पासपोर्ट तपासणीच्या खिडकीवर तारीख बदललेली असू शकते. नव्वदाव्या दिवसाचं तिकीट मी कुणालाच काढू देत नाही. एक आठवडा हाताशी ठेवा. आजारपण, संप, रद्द झालेलं विमान, काहीही येऊ शकतं. आधी क्रोएशियात, बल्गेरियात किंवा रोमानियात घालवलेले दिवस वेगळे मोजले जायचे. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून आणि बाकीचे दोन १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आल्यामुळे तेही आता त्याच ९० मध्ये धरतात.

या नोंदी साधारणपणे तीन वर्षं राहतात. मुदतीत बाहेर पडल्याची नोंद नसेल तर पाच वर्षं. आपल्या लोकांसाठी याची चांगली बाजूही आहे आणि ती कुणी सांगत नाही. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी युरोपीय आयोगाने नियम सोपा केलाय: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसा नियम पाळून वापरलेले असतील तर सहसा दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर पाच वर्षांचा मिळू शकतो. नियम पाळल्याचा पुरावा आता तुमच्या नावावर आपोआप जमा होत राहतो. म्हणूनच बाहेर पडतानाची तपासणी आत येताना इतकीच मनावर घ्या. बोर्डिंग पास प्रवास संपल्यावरही टाकू नका, फोटो काढून ठेवा. बाहेर पडल्याची नोंद कधी राहून गेली तर ते पुरावे लागतात. चुकीची नोंद दुरुस्त करून मागण्याचा हक्क प्रवाशाला आहे, पण हातात कागद असला तरच तो उपयोगी पडतो.

परतीच्या दिवशी विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी जा. कर परतावा घ्यायचा असेल तर तो आधी उरका, मग सुरक्षा, मग पासपोर्ट, आणि पासपोर्टची रांग पार केल्याशिवाय खरेदीला थांबू नका. गर्दी हाताबाहेर गेली तर ठसे-फोटो घेणं काही काळ थांबवण्याची सवलत नियमांत देशांना दिली होती, त्यामुळे मैत्रिणीच्या कुटुंबाला दहा मिनिटं लागली म्हणून तुम्हालाही तेवढीच लागतील असं धरू नका.

आधी नोंदणी करावी लागते का, याचं उत्तर नाही असं आहे. ईईएससाठी पूर्वनोंदणी सक्तीची नाही आणि पैसेही लागत नाहीत. युरोपच्या सीमारक्षक संस्थेचं, फ्रॉन्टेक्सचं ‘ट्रॅव्हल टू युरोप’ नावाचं मोबाइल ॲप आहे. ज्या देशांनी ते स्वीकारलंय तिथे उतरण्याआधीच्या ७२ तासांत काही माहिती त्यावर भरता येते. सुरुवात स्वीडनने केली. तुमच्या वाटेत ते नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नका. ‘तुमची ईईएस नोंदणी करून देतो, माणशी इतके रुपये’ असा मेसेज आला तर तो सरळ फसवणुकीचा आहे. ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप गटांवर असे दुवे फार फिरतात, आई-बाबांना आजच सांगून ठेवा. आणि आपल्याकडचं डिजियात्रा हे देशांतर्गत विमानतळांवरच्या प्रवेशासाठी आहे, त्याचा परदेशातल्या सीमेशी काही संबंध नाही.

तुमच्या भावाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. तो पॅरिसला तुमच्याबरोबर येणार असेल तर त्याचं सगळं त्याच्या पासपोर्टवर ठरेल. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेलं असेल तर व्हिसा नाही, पण ठसे आणि फोटो दोन्ही द्यावे लागतील. शिवाय एटियास नावाची ऑनलाइन परवानगी २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू करायचं ठरलंय, तिचं शुल्क २० युरो. ती सुरू झाल्यावर सुरुवातीला किमान सहा महिन्यांचा संक्रमणकाळ असेल, म्हणून त्याने गडबडून जाऊ नये. अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता ‘युरोपा डॉट ईयू’ ने संपतो, दुसरीकडे कुठे पैसे भरू नयेत. तुम्हा पाचांना, भारतीय पासपोर्टवाल्यांना, एटियास लागत नाही, व्हिसा आहे तेवढा पुरे. भाऊ अजून भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहत असेल तर त्यालाही तुमच्यासारखाच शेंगेन व्हिसा काढावा लागेल. तिथल्या वास्तव्याचा परवाना फ्रान्सच्या सीमेवर व्हिसाची जागा घेत नाही.

गोव्यातून असाच प्रश्न विचारणाऱ्यांसाठी एवढं: ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे त्यांना ईईएस लागू नाही, त्यांनी युरोपीय नागरिकांच्या रांगेत जावं. पण बायको किंवा नवरा भारतीय पासपोर्टवर असेल आणि त्यांच्याकडे युरोपीय देशाचं रहिवासी कार्ड नसेल, तर त्यांची नोंद होते. लग्नाचा दाखला जवळ ठेवावा. दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा रहिवासी परवाना घेऊन शिकायला-नोकरीला गेलेल्या मुलांचीही ईईएसमध्ये नोंद होत नाही, मात्र तो परवाना पासपोर्टबरोबर हातात हवा, सामानात नको.

आणि पुढच्या वर्षी अमेरिकेला धाकट्याकडे जायचंय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय म्हणून: तिथे २६ डिसेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांचा चेहरा येताना आणि जाताना दोन्ही वेळा टिपण्याचा नियम लागू झालाय. पूर्वी चौदा वर्षांखालच्या मुलांना आणि ७९ वर्षांवरच्यांना जी सूट होती ती आता राहिलेली नाही. ग्रीन कार्ड असलेलेही त्यात आले.

तुमच्यासाठी क्रम असा लावा. या आठवड्यात परतीचा मार्ग ठरवा, लंडनहून की पॅरिसहून. तो ठरल्याशिवाय किती प्रवेशांचा व्हिसा मागायचा हे ठरत नाही. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि दिवाळीच्या सुमाराला अपॉइंटमेंट मिळणं कठीण जातं, म्हणून ती लवकर घ्या. अपॉइंटमेंटची तारीख हातात आली की त्याच दिवसापासून आईंच्या बोटांना रोज तेल सुरू करा. फ्रँकफर्टचं तिकीट अजून बदलता येत असेल तर मधला वेळ वाढवून घ्या, आणि बदलण्याचे पैसे किती पडतात ते मला कळवा, मग पॅरिसमार्गे जाणं स्वस्त पडतं का तेही पाहू.